गोल्ड आहे म्हणून अंधेरीत राहावं, की काम आहे तिथे वाशीत?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. जळगाव एमआयडीसीत तुमचं प्लास्टिक चटईचं युनिट आहे. माल न्हावा शेवा बंदरातून बाहेर जातो, म्हणून महिन्यातून दोन-तीनदा वाशी-बेलापूरला सीएचए (कस्टमचं काम करणारे एजंट) आणि शिपिंगवाल्यांकडे चक्कर होते. क्रेडिट कार्डामुळे खात्यात जमा झालेल्या १० रात्री आणि स्वतःच्या मुक्कामाच्या १६, अशा मिळून यंदा तुम्हाला मॅरियट या हॉटेल साखळीच्या बॉनवॉय मेंबर योजनेत गोल्ड ही पातळी, म्हणजे स्टेटस, मिळालं. आता अंधेरी पूर्वेला त्या साखळीचं हॉटेल ९,८०० रुपयांना मिळतंय आणि वाशी स्टेशनजवळ कुठल्याही साखळीत नसलेलं, पण स्वच्छ आणि नीट चाललेलं हॉटेल नाश्त्यासह ६,२०० ला. स्टेटस आहे तर अंधेरी घ्यावं का, आणि वर्ष संपायच्या आत आणखी २४ रात्री काढून त्यावरची प्लॅटिनम पातळी गाठावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात बावीस वर्षं ट्रॅव्हल बुकिंगचं काम करतो. डाळमिलवाले, पाइपवाले, बियाणे कंपन्यांची माणसं, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, असे बहुतेक धंद्यानिमित्त फिरणारे लोक माझ्याकडे येतात. माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो. साखळीच्या ॲपवरून तुम्ही थेट बुकिंग केलंत तर मला काही मिळत नाही, आणि वाशीचं हॉटेल माझ्यासारख्या एजंटाकडून घेतलंत तर कमिशन मिळतं. म्हणून खाली सगळे आकडे मांडतो. तुमच्या आकड्यांनी ते पुन्हा करून बघा.

या फेरीला वाशीच घ्या. प्लॅटिनमसाठी जादा रात्री काढू नका. हे तुमच्या कामाच्या जागेवरून आणि तुमच्या गाडीच्या वेळेवरून सांगतोय. दुसऱ्या माणसाला मी याच्या उलट सांगितलेलं आहे, तेही पुढे येईल.

आधी वेळेचं बोलू, कारण खान्देशातल्या माणसाला शहरातलं हॉटेल तिथेच नडतं. पुण्याचा माणूस सकाळी निघून दुपारी मुंबईत पोचतो, खोली तयार असते. आपण रात्री अमरावती किंवा विदर्भ एक्स्प्रेसला बसतो, पहाटे किंवा भल्या सकाळी मुंबईत. नंदुरबार-दोंडाईचाकडचे खान्देश एक्स्प्रेसने बांद्र्याला उतरतात, त्यांचंही तेच. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि आपली मीटिंग असते सकाळी साडेदहाला. म्हणजे ज्या वेळी अंघोळ करून कपडे बदलायचे असतात, नेमकी त्याच वेळी खोली नसते. जाताना पुन्हा तेच. खोली दुपारी बारापर्यंत सोडायची आणि परतीची गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. मधले सात तास बॅग घेऊन काढायचे. त्यामुळे स्टेटसचा कुठलाही फायदा मी याच दोन टोकांवर तोलतो: सकाळचे सहा ते दहा, आणि दुपारचे बारा ते सात.

तिथे गोल्ड काय देतं? निघताना दुपारी दोनपर्यंत खोली ठेवता येते, तीही हॉटेलकडे सोय असेल तर. सकाळच्या टोकाला कसलीच हमी नाही. लवकर चेक-इन मागून घ्यायची सोय बॉनवॉयमध्ये फक्त सगळ्यात वरच्या ॲम्बॅसडर पातळीला आहे, तीही उपलब्धतेवर, आणि त्या पातळीसाठी वर्षाला १०० रात्री आणि २३,००० डॉलरचा खर्च लागतो. प्लॅटिनमला, म्हणजे ५० रात्रींना, दुपारी चारपर्यंत खोली ठेवायचा हक्क मिळतो. कन्व्हेन्शन हॉटेल आणि रिसॉर्टमध्ये मात्र तोही उपलब्धतेवर. आपल्या परतीच्या गाडीच्या दृष्टीने हा चार वाजेपर्यंतचा हक्क खरा मोलाचा आहे. पण त्या वेळी तुम्ही खोलीत असायला हवं. तुमचं काम पाचपर्यंत वाशीत चालतं आणि खोली अंधेरीत. ती चारपर्यंत राखून तुम्ही तिचं करणार काय?

सकाळच्या टोकाबद्दल मी इतका कडक का, त्याला घरचं कारण आहे. २०१४ साली वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला नेलं होतं. एका मोठ्या साखळीत तेव्हा माझी वरची पातळी होती, म्हणून हौसेने त्यांचंच हॉटेल घेतलं. पहाटे सहाला पोचलो. काउंटरवर माझं नाव घेऊन स्वागत झालं, सरबत आलं, आणि खोली एक वाजता मिळेल असं कळलं. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं होतं, त्यांचं खोटं काही नव्हतं. पण सत्तरीतला माणूस रात्रभर प्रवास करून सात तास लॉबीतल्या खुर्चीत बसून होता. वडील अमळनेर तालुक्यातले, अहिराणीतच बोलायचे. परतताना मला म्हणाले, ‘खोली कव्हय भेटी, इतलं इचारी ले.’ म्हणजे खोली कधी मिळेल, एवढं विचारून घे. तेव्हापासून कुणाचंही बुकिंग असो, मी आधी फोन करून हेच विचारतो. कार्ड कुठलं आहे हे त्यानंतर.

आता पैसे. अंधेरीला झुकतं माप द्यायचं म्हणून जीएसटी बाजूला ठेवतो आणि करापूर्वीचेच दर धरतो. भाड्यातला फरक ३,६०० रुपये. अंधेरी पूर्व ते वाशी वीस-पंचवीस किलोमीटर, सकाळच्या गर्दीत तासाच्या वर. टॅक्सीचे जाताना-येताना सातशे-सातशे धरले तर १,४००. फरक झाला ५,००० रुपये. उलट बाजूला वाशीला यायला तुम्ही ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडता. अर्ध्या तासात वाशी, आणि स्टेशनसमोर हॉटेल.

त्या ५,००० मधून गोल्डचे फायदे वजा करू. बॉनवॉयमध्ये बहुतेक ब्रँडला डॉलरमागे १० पॉइंट मिळतात, गोल्डला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे साडेबारा. सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर ९,८०० चे साधारण १०९ डॉलर होतात, म्हणजे १,३६० च्या आसपास पॉइंट. चेक-इनच्या वेळी मिळणारे ५०० धरले तर १,८६०. कुठल्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचे ठरावीक तक्ते मॅरियटने २०२२ मध्ये काढून टाकले, त्यामुळे एका पॉइंटची किंमत रोज हलते. मी गिऱ्हाइकांच्या हिशोबात ५० पैसे धरतो. म्हणजे साधारण ९३० रुपये. वरच्या मजल्याची किंवा थोडी मोठी खोली मिळाली तर तिचे ५०० धरू. एका रात्रीच्या कामाच्या मुक्कामाला यापेक्षा जास्त मी धरणार नाही, कारण तुम्ही खोलीत झोपेपुरतेच असता. नाश्ता गोल्डला मिळत नाही, हे बऱ्याच जणांना काउंटरवर गेल्यावर कळतं. वायफाय तर साध्या मेंबरलाही फुकट असतं, तो स्टेटसचा फायदा धरू नका.

५,००० मधून ९३० आणि ५०० गेले, उरले ३,५७०. गोल्ड वापरण्यासाठी दर रात्रीला तुम्ही एवढे पैसे पदरचे घालणार. आणखी २४ रात्री अशाच काढल्या तर ८५ हजारांच्या वर जातात. ही तुमच्या प्लॅटिनमची किंमत. त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी बऱ्याच ब्रँडमध्ये नाश्ता किंवा लाउंज मिळेल, आणि चार वाजेपर्यंतची खोली. नाश्ता ८०० रुपयांचा धरला आणि ४० रात्री राहिलात तरी ३२ हजार होतात. आणि ते ३२ हजार वसूल करायला पुन्हा चाळीस रात्री अंधेरीतच राहावं लागेल. वाशीच्या ६,२०० मध्ये तर नाश्ता आजच आहे.

माझ्याकडचा एक डाळीचा व्यापारी याच मार्गाने गेला होता. डिसेंबरमध्ये पाच रात्री कमी पडत होत्या, म्हणून काम नसताना पुण्यात जाऊन राहिला. पातळी टिकली. पुढच्या वर्षी त्याची मोठी खरेदी दुसऱ्या राज्यातल्या अशा मंडीच्या गावाकडे वळली, जिथे त्या साखळीचं एकही हॉटेल नव्हतं. वर्षभर कार्ड खिशातच राहिलं. धंदा कुठे वळेल हे चटई काय, डाळ काय, आपल्या हातात नसतं. आणि साखळ्यांचे नियमही आपल्या हातात नसतात. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवूड ही साखळी विकत घेतली, २०१८ मध्ये दोन्हींच्या योजना एक केल्या आणि २०१९ मध्ये बॉनवॉय हे नाव आलं. या प्रत्येक टप्प्यावर माझ्या गिऱ्हाइकांचे जुने हिशोब नव्याने मांडावे लागले. म्हणून पुढच्या वर्षीच्या फायद्यासाठी या वर्षी रोख पैसे घालायला मी सहसा सांगत नाही.

आता उलट बाजू. कापसाच्या बियाण्याच्या एका कंपनीचे एक मॅनेजर माझ्याकडे येतात. राहायला जळगावात, मुख्य काम हैदराबादला. वर्षाला साठच्या आसपास रात्री, एकेका वेळी तीन-चार दिवस, आणि ऑफिसपासून दहा मिनिटांवर साखळीचं हॉटेल. भाडं कंपनी भरते, पण जेवणखाणाचा भत्ता ठरलेला. त्यांना मी स्वतः सांगितलं की एकच साखळी धरा आणि वरची पातळी गाठा. सकाळचा नाश्ता, संध्याकाळी लाउंजमध्ये चहा-खाणं, निघायच्या दिवशी चारपर्यंत खोली, हे सगळं ते रोज वापरतात. साठ रात्री त्यांना काढायच्याच होत्या, पातळीसाठी एकही रात्र वाढवलेली नाही. वर पॉइंट त्यांच्या नावावर जमतात आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन ते त्यातून फिरून येतात. तुमच्या बाबतीत भाडं भरणारे तुम्हीच आणि पॉइंट घेणारेही तुम्हीच, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात.

हैदराबादवरून जीएसटीचं आठवलं. धंदेवाल्या माणसाला ही गोष्ट स्टेटसपेक्षा जास्त पैसे देऊन जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ७,४०० च्या खोलीचं बिल ७,७७० होतं आणि ७,६०० च्या खोलीचं ८,९६८. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात जवळपास बाराशेचा. शिवाय हॉटेलच्या मुक्कामाला कर लागतो तो हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या युनिटचा माणूस हैदराबादला राहिला तर बिलावर तेलंगणाचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) येतो आणि त्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या करातून वजावट, जळगावच्या नोंदणीवर घेता येत नाही. तिथे १०,००० च्या खोलीवरचे १,८०० रुपये सरळ खर्चात जातात. मुंबईत तसं नाही. अंधेरीच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर आणि युनिटचं नाव बरोबर पडलं तर क्रेडिट मिळतं. चेक-इनलाच नंबर लिहून द्या, कारण बिल निघाल्यावर दुरुस्ती करून घ्यायला फेऱ्या पडतात.

स्टेटस मिळालंच आहे तर ते वाया कसं घालवायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या कामात मी ते दोन सारख्या हॉटेलांमधून एक निवडायला वापरतो. काम जिथे आहे तिथून अंतर साधारण सारखं असेल आणि भाड्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर साखळीचं घ्यायचं. उद्या वाशी-तुर्भ्याकडे तुमच्या साखळीचं हॉटेल ६,८०० ला मिळालं तर मी डोळे झाकून तेच सांगेन. काउंटरवर मेंबरकडे थोडं जास्त लक्ष दिलं जातं हे खरं आहे. सकाळी दोन खोल्या तयार असतील आणि चार माणसं लॉबीत असतील, तर आधी मेंबरला खोली मिळताना मी पाहिलंय. हमी नाही, पण उपयोग होतो. आणि सहकुटुंब सुट्टीला जाल तेव्हा गोल्ड कामाला येतं. तिथे तुम्ही खोलीत जास्त वेळ असता, मुलं असतात, दोन तास जादा मिळाले तर फरक पडतो.

दुसऱ्या साखळ्यांचा विचार करत असाल तर प्रत्येकीचं गणित वेगळं असतं. हिल्टनमध्ये अमेरिकेबाहेर गोल्डलाच नाश्ता मिळतो. आयएचजीत त्यासाठी डायमंड लागतं, म्हणजे ७० रात्री, आणि हयातमध्ये ग्लोबलिस्ट, ६० रात्री. अकॉरमध्ये २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरो, आणि टाटांच्या न्यूपासमध्ये एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, त्यामुळे या दोन्हींचा हिशोब बसल्या जागी करता येतो. ताज, विवांता आणि जिंजर एकाच घरातली असल्याने लहान-मोठ्या दोन्ही बजेटच्या माणसाला ती योजना सोपी जाते. पण धुळे, नंदुरबार, बुऱ्हाणपूर, अकोला अशी फिरती असणाऱ्याला मोठ्या परदेशी साखळ्यांची हॉटेलं वाटेत क्वचितच लागतात. त्याने या कशाच्याच मागे लागू नये.

बुकिंग कुठून केलंय यावरही बरंच ठरतं. ऑनलाइन पोर्टलवरून घेतलेल्या खोलीला साधारणपणे पॉइंटही मिळत नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. स्टेटसचे फायदे द्यायलाही हॉटेल बांधील नसतं. साखळीच्या साइटवरून किंवा ॲपवरून घेतलं तर मिळतात. एजंटाने हॉटेलच्या स्वतःच्या दराने, तुमचा मेंबर नंबर टाकून केलं तरीही मिळतात. तेव्हा एजंटाला विचारा की दर हॉटेलचा आहे की घाऊकवाल्याचा. आणि गोल्ड असो वा नसो, पॉइंटवर लक्ष ठेवा. बॉनवॉयमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते जातात.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र वाशीतच आहे. तुम्ही वर्षाला तिथे तीस-चाळीस रात्री राहणार आहात. साखळीत नसलेल्या, मालक स्वतः चालवतो अशा हॉटेलच्या सेल्स मॅनेजरसाठी हा चांगला आकडा आहे. युनिटच्या लेटरहेडवर पत्र लिहा की वर्षाला अंदाजे एवढ्या रूम नाइट देऊ, आणि कॉर्पोरेट रेट मागा. भाड्यात पाचशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा सकाळी सातला खोली, निघायच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत खोली किंवा निदान अंघोळीची सोय, आणि नाश्ता, एवढं पत्रात लिहून घ्या. भाडं कमी करायला त्यांना मालकाला विचारावं लागतं. सकाळी सातची खोली मॅनेजर स्वतःच्या अधिकारात देऊ शकतो, कारण मधल्या वारी त्याच्याकडे रिकाम्या खोल्या असतात. मी अशी पत्रं बऱ्याच जणांना लिहून दिली आहेत आणि मंगळवार-बुधवारच्या मुक्कामाला ती सहसा चालतात. आठवड्याच्या सुरुवातीला आणि लग्नसराईत मात्र हॉटेल भरलेलं असतं. तेव्हा सकाळची खोली हवीच असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं आधीच ठरवून ठेवा. दोन-अडीच हजार गेले तरी दिवसभराचं काम ताज्या डोक्याने होतं.

दोन-तीन फेऱ्यांनंतर काउंटरवरच्या पोराला तुमचं नाव आणि तुमची गाडी पाठ होते. माझ्या केळीवाल्या एका गिऱ्हाइकासाठी वाशीतलाच एक मॅनेजर आदल्या रात्री खालच्या मजल्यावरची एक खोली आवर्जून मोकळी ठेवतो, कारण हा माणूस पहाटे येणार हे त्याला माहीत असतं.

पत्र देण्याआधी फोन करायचा तर दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करा. सकाळी चेक-आउटची आणि सहानंतर चेक-इनची गर्दी असते, तेव्हा कुणी नीट बोलत नाही. रिसेप्शनवर न बोलता फ्रंट ऑफिस मॅनेजरला मागा आणि गाडीचं नाव सांगूनच विचारा: अमुक तारखेला पहाटे ठाण्याला उतरतोय, खोली किती वाजता मिळेल? जो वेळ सांगतील तो त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.